मर्चंट नेव्हीसाठी कोथरूडच्या कॅप्टनसरांकडे घेतलेलं कौन्सेलिंग – आमचा अनुभव (५ पैकी साडेचार स्टार)

मुलगा बारावी सायन्सला आहे आणि गेले वर्षभर एकच धोशा, मला मर्चंट नेव्हीत जायचंय. आमच्या दोन्हीकडच्या घरात कुणी समुद्रावर गेलेलं नाही, मी सहकारी बँकेत आहे, मिस्टर चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत, सासूबाईंना तर मर्चंट नेव्ही म्हणजे व्यापारी जहाजांवरची नोकरी, लढाईवर जायचं नाही हे समजवायलाच दोन दिवस गेले. त्यामुळे कुणाला विचारायचं हाच प्रश्न होता. ओळखीतून कोथरूडला कर्वे पुतळ्याजवळ राहणाऱ्या एका रिटायर्ड कॅप्टनसरांचं कळलं, ते रविवारी घरीच फॅमिली कौन्सेलिंग करतात, एका कुटुंबाचे बाराशे रुपये. जाऊन आल्यावर वाटलं की हे सविस्तर लिहायलाच हवं, कारण आमच्यासारखे चाचपडणारे आईबाप पुण्यात खूप असणार.

आधी आम्ही कुठे गेलो होतो तेही सांगते. डेक्कन भागातल्या एका ऑफिसात. एसी केबिन, भिंतभर जहाजांचे फोटो, आणि दहाव्या मिनिटाला चार लाखांत प्लेसमेंट गॅरंटी, सीट दोनच उरल्यात, टोकन आजच भरा. मी बँकेत बसते, घाई करणारा माणूस समोर आला की माझा हात आपोआप पर्सवरून मागे येतो, पण मिस्टर जवळजवळ तयार झाले होते कारण मुलाचा चेहरा बघवत नव्हता. कॅप्टनसरांना हे सांगितलं तर ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, जहाजावर नोकरी लावून द्यायचे पैसे खलाशाकडून घ्यायचेच नसतात, मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६ ह्या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात ते स्पष्ट आहे, भारताने ते २०१५ ला मान्य केलंय आणि आपल्याकडच्या नियमांतही तेच आहे. भरती करणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल नावाचं लायसन्स लागतं, ते आहे की नाही हे डीजी शिपिंग म्हणजे सरकारच्या जहाज खात्याच्या साइटवर कुणालाही बघता येतं. त्यांनी तिथेच लॅपटॉप मुलाकडे सरकवला आणि कसं शोधायचं ते त्याच्याकडूनच करून घेतलं. माझ्या मते बाराशे रुपये इथेच वसूल झाले.

पण त्याच्याही आधी, आम्ही नीट बसलोही नव्हतो तेव्हा सरांनी एक रंगीत ठिपक्यांचं पुस्तक काढलं आणि मुलाला म्हणाले, ह्यात कुठले आकडे दिसतात ते वाच बाळा. त्याने सगळे वाचले. मग म्हणाले, आता बोलू. रंगांधळेपणा असेल तर समुद्रावरच्या नोकरीची दारं बंद होतात, रात्री समोरच्या जहाजाचा लाल दिवा आणि हिरवा दिवा ओळखण्यावर सगळं अवलंबून असतं, आणि कित्येक मुलांना हे फी भरल्यावर मेडिकलला गेल्यावर कळतं. आमच्याच सोसायटीत एका मुलाचं असं झालंय म्हणून मला ते फार पटलं. डेकला, म्हणजे जहाज चालवणाऱ्या बाजूला, जायचं असेल तर नजरेचा नियम जास्त कडक, इंजिनला, म्हणजे यंत्रं सांभाळणाऱ्या बाजूला, चष्म्याची थोडी सूट मिळते, आणि खरं सर्टिफिकेट डीजी शिपिंगच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडूनच लागतं, त्यामुळे आधी ते करा मग फॉर्मचं बघू असं त्यांनी बजावलं.

कोर्सेसची माहिती त्यांनी पटापट दिली आणि ती कुठेही मिळेल म्हणून मीही पटकन सांगते. पीसीएममध्ये ६० टक्के, इंग्रजीत ५०, मग आयएमयूची म्हणजे इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी. डेकला एक वर्षाचा डीएनएस हा डिप्लोमा आणि नंतर दीड वर्ष जहाजावर कॅडेट म्हणजे शिकाऊ, किंवा तीन वर्षांचं बीएस्सी नॉटिकल. इंजिनला चार वर्षांचं बीटेक मरीन. मेकॅनिकल इंजिनियर झालेल्यांना एका वर्षाचा जीएमई हा मरीनचा कोर्स. पुण्याच्या मुलांना घराजवळच सोय आहे, तळेगावजवळ इंदोरीला तोलानी आणि लोणी काळभोरला एमआयटीचं मानेट. पण सरांचा सगळा भर स्पॉन्सरशिपवर होता, म्हणजे ॲडमिशनच्या आधी कुठली शिपिंग कंपनी तुम्हाला ट्रेनिंगला जहाज देणार हे लेखी हातात पाहिजे, नाहीतर कोर्स होतो, सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक मिळतं आणि मुलगा मुंबईत ऑफिसांच्या पायऱ्या चढत दोन दोन वर्षं काढतो. हे वाक्य मी डायरीत लिहून खाली दोन रेघा मारल्यात.

आता मूळ प्रश्न, करियर समुद्रावर करायचं का जमिनीवर. सरांनी फायदे सांगताना पगारापासून सुरुवात केली नाही हे मला आवडलं. ते म्हणाले, जहाजावर बढती साहेबाच्या मर्जीवर नसते. ठरलेला सी टाइम, म्हणजे जहाजावरचे महिने, पूर्ण करा, मुंबईला एमएमडी ह्या सरकारी ऑफिसात लेखी आणि ओरल पास व्हा, की पुढच्या हुद्द्याचं सर्टिफिकेट, सीओसी, तुमचं. ओरलला समोर बसलेला सर्व्हेयर, म्हणजे परीक्षक, तुमच्या वडिलांना ओळखत नाही आणि तुमची ब्रँचही विचारत नाही. थर्ड ऑफिसर, सेकंड ऑफिसर, चीफ ऑफिसर, मग मास्टर म्हणजेच कॅप्टन, मेहनती मुलगा तिशीच्या आसपास कॅप्टन होऊ शकतो आणि शंभरएक कोटींचं जहाज त्याच्या सहीवर चालतं. हे ऐकताना मिस्टर नुसते मान हलवत होते. एकोणीस वर्षं एकाच कंपनीत काढून ह्या वर्षी त्यांचं प्रमोशन तिसऱ्यांदा पुढे गेलंय, मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

पैशाचं म्हणाल तर तो जास्तच आहे, त्यात वादच नाही. कॅडेटला स्टायपेंड बेताचाच, पण ऑफिसर झाल्यावर डॉलरमधला पगार, खाणं राहणं कंपनीचं, महिनोन्महिने खर्च करायला जागाच नाही. शिवाय आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला आणि माणूस एनआरआय ठरला की परदेशी जहाजावरचा पगार एनआरई ह्या एनआरआयसाठीच्या खात्यात आला तर इथे टॅक्स लागत नाही. हे मला बँकेमुळे माहीत होतं. पण बँकेमुळेच दुसरी बाजूही माहीत आहे आणि ती सरांनी मी विचारायच्या आधी सांगितली. बहुतेक कंपन्यांत पगार कॉन्ट्रॅक्टपुरताच असतो, घरी आलात की बंद, आणि पुढचं जॉइनिंग दोन महिने लांबलं तर होम लोनचा हप्ता काही लांबत नाही. सहा महिन्यांच्या पगारात बारा महिने चालवायची सवय पहिल्या कॉन्ट्रॅक्टपासून लावा असं त्यांनी मुलाला सांगितलं. आमच्या शाखेत जहाजावरच्या मुलांची दोन लोन फाइल्स मी ह्याच कारणाने अडकलेल्या बघितल्यात, त्यामुळे पालकांनो हे हलक्यात घेऊ नका.

मग सरांनी कागद घेतला आणि मिस्टरांना विचारलं, तुम्ही घरी किती वाजता पोचता. कंपनीची बस पहाटे पावणेसहाला वडगाव पुलाखाली येते, चाकणचं ट्रॅफिक धरून परत यायला साडेसात आठ, मुलगा क्लासहून नऊला येतो, दहा सव्वादहाला मिस्टर झोपतात. म्हणजे रोजचा जागेपणी एकत्र एक तास. तीनशे दिवसांचे तीनशे तास, रविवारचे आठ आठ धरले तर वर्षाला सातशेच्या आसपास. शेजारी त्यांनी लिहिलं, चार महिने सुट्टी, एकशेवीस दिवस, रोज दहा तास, बाराशे. जहाजावरचा माणूस घरी असतो तेव्हा पूर्ण घरी असतो, लॅपटॉप नाही, साहेबाचा फोन नाही, सोमवार नाही. ते खरंच आहे हो, आम्ही तिघेही त्या कागदाकडे बघत राहिलो.

तेवढ्यात काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, चहा घेऊन आल्या आणि तिथेच बसल्या. त्यांच्या कौन्सेलिंगमध्ये दुसरा तास काकूंचा असतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्यांनी तो कागद बघितला आणि शांतपणे म्हणाल्या, बेरीज बरोबर आहे, पण लेकराच्या तापाला ह्यांचं कॉन्ट्रॅक्ट माहीत नसतं.

त्यानंतर त्या जे बोलल्या ते मी आजवर कुठल्याही करियर सेमिनारला ऐकलेलं नाही. त्यांच्याकडे एक जाडी वही आहे, तशा नऊ झाल्यात म्हणे. पूर्वी जहाजावरून फोन म्हणजे सॅटेलाइटचं महाग कार्ड, मिनिटामिनिटाला पैसे, त्यामुळे फोन येईल तेव्हा काय काय सांगायचं ते त्या लिहून ठेवायच्या. मुलीचा दात पडला. पाण्याची मोटर जळली, दुरुस्त केली. सासऱ्यांची शुगर. पुढे बरोबरची खूण म्हणजे सांगून झालं, आणि काही ओळींना खूणच नाही, कारण तो फोन आलाच नाही किंवा आला तेव्हा ती गोष्ट जुनी झाली होती. सासरे गेले तेव्हा सर ब्राझीलकडे जाणाऱ्या बल्क कॅरियर ह्या मालवाहू जहाजावर होते, पोर्ट यायला अकरा दिवस होते. तेराव्यालाही पोचता आलं नाही. काकू हे सांगताना रडल्या नाहीत, सर मात्र उठून गॅलरीत गेले.

मला त्यांचं सगळ्यात पटलं ते हे, की समुद्रावरच्या करियरचे फायदे जाणाऱ्याच्या खात्यात जमा होतात आणि किंमत घराच्या खात्यातून वजा होते, त्यामुळे निर्णय एकट्या मुलाचा नको, उद्या त्याची बायको येईल तिलाही लग्नाआधी हे सगळं खरं खरं सांगा. आता जहाजांवर इंटरनेट आलंय, व्हिडिओ कॉल होतो, दिवस बदललेत हे त्याही म्हणाल्या. पण स्क्रीनवर दिसणारा माणूस दवाखान्याच्या लाइनीत उभा राहत नाही. ह्यावर माझ्या मुलाने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि विचारलं, काकू मग तुम्ही त्यांना सोडायला का नाही लावलं? त्या म्हणाल्या, अरे एकदा सोडली होती, दीड वर्ष मुंबईत ऑफिसात होते, रोज घरी यायचे आणि खिडकीत उभे राहायचे. मीच म्हटलं जा.

धोक्याचं सरांनी लपवलं नाही. २०२० च्या कोविडमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपूनही जवळपास चार लाख खलाशी जहाजांवर अडकले होते, नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा कितीतरी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, दीड दोन आठवडे जास्तीचे. मुलाने सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हन जहाजाचं विचारलं, २०२१ चं, चारशे मीटरचं जहाज आणि वरचे पंचवीसही लोक भारतीय. सर म्हणाले ते निघालं सहा दिवसांत, पण जहाज पुढे तीन महिने इजिप्तने अडकवून ठेवलं होतं. २०२४ ला अमेरिकेत बाल्टिमोरच्या पुलाला धडकलेल्या डाली जहाजावरही जवळजवळ सगळे आपलेच, ते आठवडेच्या आठवडे जहाजावरच होते. चूक कुणाचीही असो, कायद्याच्या तावडीत आधी जहाजावरचा माणूस सापडतो, हे माहीत असून जायचं. नियमाने चोवीस तासांत दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे, पण एकामागून एक पोर्ट लागले की तो नियम कागदावर सांभाळताना काय होतं तेही त्यांनी सांगितलं. रात्री बारा ते चारच्या वॉचबद्दल, म्हणजे जहाजावरच्या पहाऱ्याबद्दल, बोलताना त्यांचा आवाजच बदलला. आजूबाजूला शंभर मैल कुणी नाही, ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, अंधार, वर आकाशगंगा, आणि खाली वीस माणसं तुमच्या भरवशावर झोपलेली. हे जमिनीवरच्या कुठल्या नोकरीत मिळत नाही म्हणाले, आणि मला वाटतं मुलाचं तिथेच ठरलं.

त्यांच्या हॉलमध्ये एसएस लॉयल्टीचं चित्र आहे, ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालेलं सिंधिया कंपनीचं जहाज, आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची कंपनी. त्या दिवसाची आठवण म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. मराठी घरात हे माहीत नसावं ह्याचं मला वाईट वाटलं, सासूबाईंना मी घरी येऊन पहिलं हेच सांगितलं.

अर्धा स्टार कशाला कापला ते सांगते. सर डेकचे, त्यामुळे इंजिन साइडची माहिती फारच कमी मिळाली, कुणाला मरीन इंजिनियरिंगच करायचं असेल तर आधी फोनवर विचारून घ्या, त्यांचे एक चीफ इंजिनियर मित्र महिन्यातून एकदा येतात म्हणे. मुलींनी ह्या लाइनला यायचं असेल तर काय, ह्यावर ते मोघम बोलले, माझ्या भाचीसाठी विचारलं होतं, नीट उत्तर हवं होतं. नोट्स सगळ्या इंग्रजीत, मराठीत दोन पानं केली तर आजी आजोबांनाही वाचता येतील. दोन तासांचं साडेतीन तास झालं, आमची तक्रार नाही पण पुढचं कुटुंब बाहेर जिन्यात उभं होतं. गाडी कर्वे रोडला लावायचा विचारही करू नका, रिक्षाने जा. आणि आजीलाही घेऊन जा, काकू आजीशी जास्त चांगलं बोलतात असं नंतर कळलं.

परत येताना नवले पुलावर नेहमीसारखे अडकलो. मिस्टर बराच वेळ गप्प होते, मग मुलाला म्हणाले, मेडिकलची अपॉइंटमेंट मी घेतो, सुट्टी टाकतो त्या दिवशी. ह्या वर्षातली त्यांची ती पहिली सुट्टी. मेडिकल झालं, नजर ठीक आहे, आता स्पॉन्सरशिपसाठी कंपन्यांचे फॉर्म भरणं चालू आहे. आणि मी दोनशे पानी एक वही आणून ठेवलीय.