इंग्रजी वाक्प्रचारांचं पुस्तक: अर्थासाठी घ्या, उगमाच्या गोष्टी तपासून घ्या

मुलगी आठवीत आहे. तिच्यासाठी जूनमध्ये यवतमाळहून हे पुस्तक आणलं, १६० रुपयांना. वाक्प्रचार, मराठी अर्थ, एक वाक्य आणि खाली 'उगम'. अक्षर ठळक आहे, व्होल्टेज कमी असलं तरी वाचता येतं. शिलाई मात्र महिनाभरात उसवली.

जुलैत चार दिवस झड लागली. डवरणी बंद, वावरात पाय ठेवायची सोय नाही, म्हणून दोघं पुस्तक घेऊन बसलो आणि 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', म्हणजे शब्दशः कुत्र्या-मांजरांचा पाऊस, यावर अडकलो. पुस्तक म्हणतं, जुन्या इंग्लंडात कुत्री-मांजरं गवताच्या छपरात राहायची आणि जोराच्या पावसात घसरून खाली पडायची. पोरगी लगेच म्हणाली, "पानी आला की आपली मांजर चुलीपाशी येते बाबा, थे छपरावर काहून जाईन?"

आमच्या गोठ्याला अजून गवताचं छप्पर आहे. पाणी त्याच्या वरूनच निथळून जातं, आत मुरत नाही. घसरायचं तर मांजर भर पावसात वर बसलेली पाहिजे.

तिच्या शाळेतल्या सरांनी शोधून दिलं. ही छपराची गोष्ट १९९९ मध्ये ई-मेलवरून फिरलेल्या मजकुरातून पसरली. वाक्प्रचार त्याहून कितीतरी जुना. १६५१ मध्ये हेन्री वॉन या कवीने कुत्र्या-मांजरांच्या सरीपासून फेरीवाल्यांचा माल वाचवणाऱ्या छपराबद्दल लिहिलं. म्हणजे तिथे छप्पर त्यांना अडवतं! जोनाथन स्विफ्टने १७१० मध्ये लंडनच्या पावसावर कविता केली, तिच्यात गटारांच्या लोंढ्यातून बुडालेली कुत्र्याची पिल्लं आणि मेलेली मांजरं वाहत येतात. आजच्यासारखे शब्द त्याच्याच १७३८ च्या पुस्तकात आहेत. मूळ कल्पना कुठली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. एवढं छापलं असतं तरी पुरे होतं.

मराठी अर्थही चुकलाय. 'संततधार' दिलाय. संततधार म्हणजे आमची झड: बारीक, पण थांबायचं नाव नाही. कुत्र्या-मांजरांचा पाऊस म्हणजे मुसळधार, उखळात मुसळ आदळावं तसा. परीक्षेत पोरं हेच लिहून येतील, याचं मला फार वाईट वाटतं.

बाकी बरेच अर्थ सरांनी पडताळले, ते बरोबर आहेत. वाक्यंही पोरांना कळतील अशी सोपी आहेत. पाचपैकी तीन तारे. प्रकाशकाला दोन्ही चुका पत्राने कळवल्या आहेत, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केल्या तर चौथा तारा देईन.