फाउंडर्स ऑनलाइन: ‘अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र आहे’ हा दावा तपासायला किती उपयोगी?

अमेरिका हे ख्रिस्ती राष्ट्र म्हणून स्थापन झालं की नाही, या वादात दोन्ही बाजू वॉशिंग्टन, ॲडम्स, जेफरसन या देशाच्या संस्थापकांची वाक्यं पुढे करतात. त्यातली बरीच अर्धवट तोडलेली असतात आणि काही तर त्या माणसांनी कधी लिहिलेलीच नसतात. ती तपासायची सर्वात सोपी जागा म्हणजे फाउंडर्स ऑनलाइन ही सेवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेबरोबर जून 2013 मध्ये ती सुरू केली. ती फुकट आहे आणि खातंही उघडावं लागत नाही. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, जॉन ॲडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे या सात जणांची पत्रं, मसुदे, रोजनिशा, भाषणं अशी 1 लाख 80 हजारांहून अधिक कागदपत्रं तिथे मजकुराच्या रूपात शोधता येतात. यामागची छापील खंडमाला काही दशकांच्या मेहनतीची आहे. जेफरसनच्या कागदांचं काम प्रिन्स्टनमध्ये 1943 ला सुरू झालं आणि पहिला खंड निघाला 1950 मध्ये. ते सगळं असं खुलं करून देणं ही मोठी लोकसेवा आहे, हे आधीच सांगायला हवं.

एखादं अवतरण तपासायचं तर ते अख्खं सर्चमध्ये टाकू नका. त्यातले तीन-चार वेगळे वाटणारे शब्द सलग घ्या आणि दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. अख्खं वाक्य टाकलं की एखाद्या स्वल्पविरामामुळे किंवा जुन्या स्पेलिंगमुळे शोध फसतो. ‘पब्लिक’च्या शेवटी के, ‘कनेक्शन’मध्ये एक्स, मुसलमानांसाठी ‘महोमेटन’, हिंदूंसाठी ‘हिंदू’ची दोन ओ असलेली जुनी जोडणी, असं अठराव्या शतकातलं लेखन जसंच्या तसं ठेवलं आहे. चर्च आणि स्टेट (राज्यसत्ता) यांच्यात विभाजनाची भिंत असल्याचं सांगणाऱ्या जेफरसनच्या प्रसिद्ध वाक्यात त्या दोन शब्दांमध्ये ‘अँड’ हा शब्द नसून त्याचं चिन्ह (&) आहे. म्हणून तिथे फक्त ‘वॉल ऑफ सेपरेशन’ एवढंच शोधणं बरं.

निकाल आले की डावी-उजवीकडे भटकण्याआधी लेखकाचा फिल्टर लावा. ही पायरी गाळली की हमखास चूक होते, कारण या संग्रहात त्या माणसांनी लिहिलेली पत्रं आहेत तशी त्यांना आलेलीही आहेत. ‘धर्मद्वेषाला मान्यता नाही, छळाला साहाय्य नाही’ हे वॉशिंग्टनच्या नावावर चालणारं वाक्य याचं उत्तम उदाहरण. न्यूपोर्टच्या ज्यू मंडळीला त्याने ऑगस्ट 1790 मध्ये दिलेल्या उत्तरात ते आहे, पण शब्दरचना मुळात त्या मंडळीच्या वतीने मोझेस सेशसने वाचलेल्या मानपत्रातली. वॉशिंग्टनने ती उचलून स्वतःची केली. सरकारच्या प्रमुखाने ते शब्द आपले मानले म्हणून त्यांचं वजन वाढतं हे खरं, पण जनक कोण ते कळायला हवं. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले की पाच मिनिटांत उलगडा होतो.

धर्मविषयक शोधात कचरा फार येतो, त्याची तयारी ठेवा. ‘प्रॉव्हिडन्स’ टाकलं की ईश्वरी कृपेबरोबर ऱ्होड आयलंडमधलं त्याच नावाचं शहर येतं, आणि युद्धकाळातल्या लष्करी पत्रांत ते शहर पानोपानी आहे. ‘ख्रिश्चन’ शोधलं की कर्नल ख्रिश्चन फेबिगर पुढे येतो. ‘चर्च’ शोधलं तर हॅमिल्टनचा साडू जॉन बार्कर चर्च आणि मेहुणी अँजेलिका चर्च. ‘गॉड’ तर ‘देव जाणे’ किंवा ‘देवाची कृपा’ अशा बोलण्याच्या सवयीतच निम्मं संपतं. या शब्दांचे आकडे मोजून ‘वॉशिंग्टनने देवाचा उल्लेख इतक्या वेळा केला’ अशी विधानं करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. दोन शब्दांची जोडी, जसं ‘ख्रिश्चन रिलिजन’ किंवा ‘डिव्हाइन प्रॉव्हिडन्स’, एकट्या शब्दापेक्षा कितीतरी स्वच्छ निकाल देते. शिवाय संपादकांच्या टिपाही शोधात येतात. सापडलेला शब्द 1790 च्या शाईतला आहे की विसाव्या शतकातल्या संपादकाच्या तळटिपेतला, हे पानावर जाऊनच पाहा.

मग पत्र पूर्ण वाचा. या सेवेचं खरं मोल इथे आहे.

जॉन ॲडम्सने 11 ऑक्टोबर 1798 ला मॅसॅच्युसेट्सच्या मिलिशियाला (नागरिकांच्या सैन्यदलाला) लिहिलं की आपली राज्यघटना फक्त नीतिमान आणि धार्मिक लोकांसाठी बनलेली आहे. ख्रिस्ती राष्ट्राच्या बाजूने हे वाक्य कायम येतं आणि ते अस्सल आहे. आजूबाजूचं वाचल्यावर मात्र मुद्दा कळतो: लोभ, महत्त्वाकांक्षा आणि सूडबुद्धी मोकाट सुटल्या तर जाळ्यातून व्हेल मासा जावा तशा त्या घटनेचे भक्कम दोर तोडून जातील, ही त्याची काळजी आहे. धर्म त्याला लोकांच्या वागण्यात हवा आहे. सरकारचा अधिकृत धर्म कुठला, याबद्दल त्या वाक्यात काहीच नाही.

त्याचंच 28 जून 1813 चं जेफरसनला लिहिलेलं पत्र घ्या. पूर्वजांनी स्वातंत्र्य मिळवलं ते ख्रिस्ती धर्माच्या सर्वसाधारण तत्त्वांवर, एवढाच तुकडा फिरतो. पत्रात त्याच्या आधी त्या पिढीतल्या पंथांची लांबलचक यादी आहे. कॅथलिक, एपिस्कोपल, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, मोरावियन यांच्यापासून ती युनिव्हर्सलिस्ट, सोसिनियन, डीइस्ट आणि थेट नास्तिकांपर्यंत जाते. पुढे इंग्रजी आणि अमेरिकी स्वातंत्र्याची तत्त्वं जोडीला येतात, आणि या सगळ्याच्या पुष्टीसाठी आपण ह्यूम, गिबन, रूसो, व्हॉल्टेअर यांचेही उतारे देऊ शकतो, असं तो म्हणतो. इतकी रुंद छत्री धरणाऱ्या माणसाचं वाक्य अरुंद अर्थाने वापरणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे.

दुसरी बाजूही निर्दोष नाही. ‘धर्म नसता तर हे जग सर्वोत्तम झालं असतं’ हे ॲडम्सचं वाक्य धर्मविरोधक आनंदाने वापरतात. 19 एप्रिल 1817 चं पत्र उघडा. वाचताना वीसेक वेळा असं ओरडावंसं वाटलं, असं तो सांगतो आणि लगेच म्हणतो की तसं ओरडणं हाही कट्टरपणाच झाला असता. धर्माविना हे जग सभ्य मंडळींत उच्चारू नये असं काहीतरी, म्हणजे नरक, झालं असतं. पुढचं वाक्य कापलं की अर्थ नेमका उलटा होतो.

जेफरसनचं कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांना 1 जानेवारी 1802 चं ‘भिंती’चं पत्र इथे मसुद्यांसह आहे, आणि या विषयात सर्वाधिक वेळ द्यावा असं पान हेच. कनेक्टिकटमध्ये त्या वेळी काँग्रिगेशनल चर्चला राज्याचा आधार होता (तो 1818 पर्यंत टिकला) आणि बाप्टिस्ट तिथे अल्पसंख्य होते. म्हणजे भिंत मागणारे लोक श्रद्धाळू ख्रिस्तीच होते, ही गोष्ट वादात फार कमी वेळा ऐकू येते. मसुद्यात ‘शाश्वत’ हा शब्द होता, तो पुढे गळला. उपास-प्रार्थनेचे दिवस आपण का जाहीर करत नाही हे सांगणारा भागही त्याने काढून टाकला, कारण पूर्वेकडच्या राज्यांतल्या आपल्याच पक्षाच्या लोकांना तो खटकेल अशी भीती होती. शाईखाली गेलेला मजकूर 1998 मध्ये एफबीआयच्या प्रयोगशाळेने वाचून दिला. तत्त्व आणि राजकारण एकाच कागदावर असं क्वचित दिसतं.

हॅमिल्टनलाही वगळू नका. एप्रिल 1802 मध्ये त्याने आपल्याच फेडरलिस्ट पक्षाच्या जेम्स बेयर्डला ‘ख्रिश्चन कॉन्स्टिट्यूशनल सोसायटी’ काढण्याची योजना लिहून पाठवली. ख्रिस्ती धर्माचा आधार हा तिचा पहिला उद्देश, राज्यघटनेचा आधार दुसरा. ख्रिस्ती राष्ट्राची बाजू मांडणाऱ्यांसाठी बनावट अवतरणांपेक्षा हा पुरावा शंभर पटींनी चांगला आहे. पण बेयर्डने ती कल्पना उचलून धरली नाही आणि संस्था निघालीच नाही, हेही सांगावं लागेल. आणि ती एका पक्षाच्या पुनरुज्जीवनाची योजना होती, कायद्याची नव्हे.

प्रत्येक कागदाखालची पहिली टीप वाचायला विसरू नका. मजकूर कुठल्या प्रतीवरून घेतला आहे, म्हणजे सहीचं मूळ पत्र, मसुदा, की पत्रवहीतली नक्कल, हे तिथे लघुरूपांत दिलेलं असतं. मसुद्यातलं वाक्य प्रत्यक्ष पाठवलेल्या पत्रात असेलच असं नाही. ‘अर्ली ॲक्सेस’ अशी खूण असलेल्या कागदांना संपादकीय टिपा नसतात आणि लिप्यंतरही अंतिम नसतं. ॲडम्सच्या अध्यक्षपदाच्या काळात आणि नंतरच्या वर्षांत असे कागद खूप आहेत. उद्धृत करताना कागदाबरोबर दिलेला कायमचा दुवा वापरा, सर्चच्या निकालाचा पत्ता नको.

आता त्रुटी. पहिली आणि मोठी: इथे सापडलं नाही म्हणजे बनावट, असा निष्कर्ष सरसकट निघत नाही. व्हर्जिनियाचा क्रांतिकाळातला पुढारी पॅट्रिक हेन्री या सात जणांत नाही. ‘हे महान राष्ट्र येशू ख्रिस्ताच्या शुभवर्तमानावर उभारलं गेलं’ हे त्याच्या नावावरचं वाक्य इथे मिळणार नाही, पण ते बनावट ठरतं वेगळ्या कारणाने: त्याचा माग 1956 च्या एका मासिकातल्या मजकुरापर्यंत जातो, हेन्रीच्या शब्दांपर्यंत नाही. याउलट अमेरिकी संस्कृतीचं भवितव्य दहा आज्ञांवर सोपवल्याचं मॅडिसनचं म्हणून फिरणारं वाक्य इथे नसणं फार बोलकं आहे, कारण त्याचे कागद बारकाईने जमवले गेले आहेत आणि त्यांच्या संपादकांनाही ते कुठे आढळलं नाही. वॉशिंग्टनच्या बाबतीत आणखी सावध राहावं. मार्थाने पतीबरोबरचा जवळजवळ सगळा पत्रव्यवहार जाळून टाकला, त्यामुळे त्याच्या खासगी श्रद्धेबद्दल ठाम बोलायला जागा कमी आहे.

दुसरी त्रुटी अधिक खोल आहे. सात पुढाऱ्यांचे कागद म्हणजे देश नव्हे. मॅसॅच्युसेट्सने चर्चचा सरकारी आधार 1833 मध्ये काढला, मेरीलँडमध्ये ज्यूंना सरकारी पद घेण्याचा मार्ग 1826 मध्ये मोकळा झाला. सरकारी धर्म स्थापायला मनाई करणारी पहिली घटनादुरुस्ती 1791 ला आली तेव्हा तिचं बंधन फक्त काँग्रेसवर, म्हणजे संघराज्याच्या संसदेवर होतं. ही राज्यांची बाजू, प्रवचनं, गावातली चर्चं, गुलामांचा धर्म यातलं इथे तुकड्यातुकड्यांनीच भेटतं. म्हणून ‘ख्रिस्ती राष्ट्र’ म्हणजे बहुसंख्य लोक प्रोटेस्टंट असलेला समाज असं म्हणायचं असेल, तर उत्तर निःसंशय होकारार्थी आहे आणि त्यासाठी ही सेवा लागत नाही. राज्यांच्या कायद्यांत ख्रिस्ती धर्माला विशेष स्थान होतं का, तर अनेक ठिकाणी होतं. संघराज्याचं सरकार त्या धर्मावर उभं केलं का, या एकाच प्रश्नावर हे कागद भरभक्कम साक्ष देतात, आणि ती नकारार्थी आहे. राज्यघटनेच्या सहाव्या कलमात सरकारी पदासाठी धार्मिक कसोटीला मनाई आहे. मॅडिसनचं 1785 चं निवेदन व्हर्जिनियात ख्रिस्ती शिक्षकांसाठी कर बसवण्याविरुद्ध होतं. धर्मस्वातंत्र्याच्या 1786 च्या व्हर्जिनिया कायद्याच्या प्रस्तावनेत येशू ख्रिस्ताचं नाव घालण्याची सूचना मोठ्या बहुमताने फेटाळली गेली, कारण त्या संरक्षणाखाली ज्यू, मुसलमान, हिंदू आणि अश्रद्धही यावेत असा हेतू होता, असं जेफरसनने आपल्या आत्मवृत्तात नोंदवलं आहे.

अमेरिकेने उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोलीशी केलेल्या तहासाठी येल विद्यापीठाच्या ॲव्हलॉन प्रोजेक्ट या ऑनलाइन संग्रहाकडे जा. मजकुराबरोबर तहांचा संपादक हंटर मिलर याच्या टिपा तिथे आहेत. अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर स्थापन झालेलं नाही, असं म्हणणारं अकरावं कलम अरबी प्रतीत नाहीच, हे 1930 मध्ये लक्षात आलं. पण जून 1797 मध्ये सिनेटपुढे आलेल्या आणि एकमताने मंजूर झालेल्या इंग्रजी मजकुरात ते होतं, आणि ॲडम्सची सही त्यावरच आहे. ज्यांना या कलमाचा आधार घ्यायचा आहे त्यांनी अरबी प्रतीची अडचण स्वतःच आधी सांगावी.

1892 चं सर्वोच्च न्यायालयाचं ‘हे ख्रिस्ती राष्ट्र आहे’ हे वाक्य, 1954 मध्ये निष्ठेच्या शपथेत आलेलं ‘देवाच्या छायेखाली’, 1956 चं ‘आमचा देवावर विश्वास आहे’ हे राष्ट्रीय ब्रीद, यातलं काहीही फाउंडर्स ऑनलाइनच्या कक्षेत येत नाही, आणि संस्थापकांच्या हेतूचा पुरावा म्हणून ते वापरूही नये. 1892 चा निकाल मुळातून वाचावा. परदेशी मजूर करारावर आणायला बंदी करणारा 1885 चा कायदा इंग्लंडहून बोलावलेल्या धर्मगुरूला लागू होतो का, एवढाच प्रश्न होता. ते वाक्य लिहिणाऱ्या न्यायमूर्ती डेव्हिड ब्रुअर यांनी 1905 मध्ये याच विषयावर छापलेल्या व्याख्यानांत स्पष्ट केलं की ख्रिस्ती धर्म हा इथला स्थापित धर्म आहे किंवा लोकांवर त्याची सक्ती आहे, असा त्याचा अर्थ नाही.