स्पेसर, पीक फ्लो मीटर आणि वाफेची मशीन : मोंढ्यातल्या दमेकऱ्याचा वापरानंतरचा अनुभव

परभणीच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहे. दमा लहानपणापासूनचा, त्यामुळे पंप, म्हणजे इनहेलर, मला नवा नाही. गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला मात्र घरात तीन वस्तू आल्या: पंपाला लावायचा स्पेसर, फुंकून बघायचं पीक फ्लो मीटर आणि वाफ घ्यायची मशीन, म्हणजे नेब्युलायझर. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा असे सगळे हंगाम यांच्यासोबत काढलेत, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आधी स्पेसर, कारण पैसे खरे वसूल झाले ते त्याच्यात. पाचशेच्या आतलं प्लास्टिकचं नळकांडं आहे. नुसता पंप तोंडात धरून दाबला की औषध वेगानं सुटतं आणि बरंचसं घशालाच चिकटतं. दाबणं आणि ओढणं एका वेळी साधलं नाही, तर छातीत जवळजवळ काहीच उतरत नाही. दम लागलेल्या माणसाला ते कसं साधणार? स्पेसरमध्ये फवारा आधी नळकांड्यात थांबतो, मग आपण सावकाश ओढायचा. माझ्या स्पेसरला बारीक झडप आहे, श्वास घेताना ती हलते, म्हणजे औषध येतंय हे कळतं. फार घाईनं ओढलं की तो शिट्टी मारतो. पंप हलवून घ्यायचा, एका वेळी एकच फवारा मारायचा, ओढून झाल्यावर दहापर्यंत मोजून श्वास धरायचा. दोन फवारे एकदम मारून वेळ वाचत नाही, औषध वाया जातं.

धुण्याची एक गोष्ट कंपनीच्या कागदावर बारीक अक्षरात असते आणि कोणी वाचत नाही. साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच निथळत ठेवायचा, फडक्यानं पुसायचा नाही. पुसला की प्लास्टिकमध्ये स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीला धरतं. आमच्याकडे भांडं पुसल्याशिवाय फळीवर जात नाही, त्यामुळे बायकोनं स्पेसरही मन लावून पुसला होता. त्यानंतरच्या फवाऱ्यांचा पांढुरका थर आतून स्पष्ट दिसायचा. आता तो खिडकीतल्या खिळ्याला टांगून वाळतो.

गैरसोय एकच, तो खिशात मावत नाही. मोंढ्यात हमाल विचारतात, "मुनीमजी, ते बाटलीवानी काय ओढायलाव?" सांगून टाकायचं. लपवून ठेवलेला स्पेसर वेळेला कामाचा नाही.

पीक फ्लो मीटर म्हणजे आकडे छापलेली नळी आणि तिच्यावर सरकणारा काटा. उभं राहून छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट आवळायचे आणि एकच जोराचा झटका द्यायचा. काटा थांबेल तो आकडा, मिनिटाला इतके लिटर या हिशेबात. तीनदा फुंकून सगळ्यांत मोठा आकडा लिहायचा, सरासरी काढायची नाही. १९५९ साली राइट नावाच्या ब्रिटिश संशोधकानं हे मीटर पहिल्यांदा मांडलं तेव्हा ते दवाखान्यात ठेवायचं जड यंत्र होतं. आजचं शंभर-दीडशे पानी वहीपेक्षा हलकं आहे. आधी तब्येत बरी असताना दोन-तीन आठवडे फुंकून स्वतःचा सर्वांत चांगला आकडा काढावा लागतो. माझा ४२० निघाला. त्याच्या ८० टक्के, म्हणजे ३३६ च्या वर हिरवा पट्टा. २१० पर्यंत पिवळा, डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे औषध वाढवायचं. त्याखाली लाल, पंप ओढत ओढत दवाखाना गाठायचा.

मुनीमच असल्यानं वही लगेच आखली. तारीख, सकाळ, संध्याकाळ आणि शेरा. शेऱ्यात त्या दिवशी दुकानात कोणता माल होता ते. या शेऱ्यांनीच गंमत केली. दिवाळीत मोंढा बंद होता, औषध तेच होतं, तरी आकडा रोज थोडा थोडा चढत ४०० च्या पुढं गेला. मुहूर्ताचे सौदे झाले, सोयाबीनच्या गाड्या लागल्या आणि ३३० वर आला. तुरीचं तर आणखी वेगळं. चाळणी दिवसभर चालायची, संध्याकाळी मी ठणठणीत. रात्री दोन-तीनला खोकल्यानं उठून बसायचो आणि सकाळी ३१०. धुळीची दुसरी प्रतिक्रिया काही तासांनी येते, असं डॉक्टर म्हणाले. इतकी वर्षं मी रात्रीच्या खोकल्याचं खापर दह्यावर फोडत होतो.

त्यांनीच बार्सिलोनाचं सांगितलं. स्पेनमधल्या त्या बंदराच्या शहरात १९८१ ते १९८७ या काळात दम्याच्या झटक्याच्या २६ लाटा आल्या. एकेका दिवशी अचानक दवाखाने भरायचे. शोध घेतल्यावर कारण सापडलं सोयाबीन! बंदरावर माल उतरवताना कोठारातून टरफलांची धूळ गावभर जायची. कोठाराला फिल्टर बसवले आणि लाटा थांबल्या. आपल्याकडे सोयाबीनची चाळणी गादीपासून हाताच्या अंतरावर असते.

दम लागायलाय म्हणलं की आमचे शेट म्हणायचे, "रुमाल बांध की." रुमालातून ही बारीक धूळ आरामात जाते. एन-९५ मास्क अडवतो, पण उन्हाळ्यात पत्र्याखाली तासभर बांधून दाखवावा कुणीही. मग मी वही पुढं ठेवली. शेटनी चष्मा लावून पानं उलटली आणि म्हणाले, "सुट्टीत वाढायलंय आन् दुकानात घटायलंय व्हय!" दुसऱ्या दिवशी हमालांकडून माझी गादी चाळणीच्या वाऱ्यातून उचलून आतल्या खोलीच्या दारात टाकली. इतक्या वर्षांच्या खोकल्यानं जे झालं नाही ते दोन पानांनी झालं. हरभऱ्याच्या हंगामात सकाळचा आकडा ३५० च्या खाली क्वचितच गेला.

मीटरचे दोष आहेतच. अंग चोरून फुंकलं की खोटा आकडा येतो. दोन कंपन्यांच्या मीटरचे आकडे जुळत नाहीत, म्हणून मीटर बदलायचं नाही. धुळीनं काटा अडकतो. बारा महिने रोज फुंकणं मला जमलं नाही. आता हंगामात आणि सर्दी झाली की फुंकतो.

पंपाबद्दलही थोडं, कारण स्पेसर त्याच्याशिवाय नुसतं नळकांडंच. "एकदा लागला की सुटत नाही" हे मोंढ्यात रोज ऐकतो. सालब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, ४ मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या चाळीसपट. गोळी चालते आणि पंप नको, हा हिशेब मला मुनीम असून जुळत नाही. मृग लागला की ओळखीचे लोक हैदराबादला मासळीची दवा घ्यायला निघतात. मला वडिलांनी नेलं होतं, जिवंत मरळ घशातून उतरल्याचं अजून आठवतं. दमा उतरला नाही.

उलट बाजूनं, नुसत्या निळ्या, म्हणजे सालब्युटामॉलच्या पंपावर दिवस काढणारेही बरेच आहेत. तो श्वासनळ्या तेवढ्यापुरत्या उघडतो, आतली सूज तशीच राहते. जगभरचे डॉक्टर ज्या 'जिना' संस्थेच्या सूचना पाळतात, तिनं २०१९ पासून नुसत्या सालब्युटामॉलवर राहू नका असंच म्हटलंय. निळा जास्त झाला की माझा हात थरथरतो, खतावणीतला ३ आणि ८ सारखा दिसतो. सूज उतरवणाऱ्या पंपानंतर चूळ भरून टाकायची, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरते आणि आवाज बसतो.

बाकीच्या दुखण्यांचं औषध घेतानाही दमा आहे हे आधी सांगावं लागतं. अंग दुखलं म्हणून मेडिकलवरून आणलेल्या अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी काहींचा दम उठतो. बीपीच्या काही गोळ्या आणि काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा नळ्या आवळतात. डोळ्यांच्या डॉक्टरला छातीचं सांगायचं कुणाच्या डोक्यात येतं? आणि शुगर असेल तर झटक्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ती चढते, ते चार दिवस तपासत राहायचं.

राहिली वाफेची मशीन. ही मेव्हण्यानं हौसेनं आणली, तिघांत सगळ्यांत महाग तीच. पिठाच्या गिरणीसारखा आवाज करते, दहा मिनिटं बसवून ठेवते आणि लाइट गेली की संपलं. आमच्याकडे लाइट जाते ती नेमकी रात्री. कप आणि नळी प्रत्येक वेळी धुऊन वाळवावी लागते, नाहीतर जंतू थेट छातीत. फार जोराचा नसलेला झटका स्पेसरमधून एकामागून एक घेतलेल्या चार ते दहा फवाऱ्यांनीही तितकाच आवरतो, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि मी अनुभवलंय. तोंडाला स्पेसर धरता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसाला मशीनचा उपयोग आहे, माझ्यासारख्याला नाही. ती कपाटावर असते. मेव्हणा येणार असला की बायको तिला खाली काढून पुसून ठेवते.