डार्क शॅडोज मधला दुसरा बर्क: माझं मत बदललंय

मालिकेत अचानक माणूस बदलला की आमच्या लातूरच्या घरात आई पहिल्याच दिवशी सांगून टाकते, हा काय पटत नाही बाई. डार्क शॅडोज ही जुनी अमेरिकन भुताखेताची मालिका पहिल्यांदा बघताना माझं पण तसंच झालेलं. 1967 च्या जूनमधे बर्क डेव्हलिन म्हणून मिचेल रायनच्या जागी अँथनी जॉर्ज आला आणि मला वाटलं, संपलं आता. रायनचा बर्क नुसता दारात उभा राहिला तरी कॉलिन्स घराण्याला घाम फुटायचा, आणि हा नवीन एकदम सज्जन, इस्त्रीच्या कपड्यातला, स्थळ म्हणून बघायला आल्यासारखा.

ह्या उन्हाळ्यात कूलरसमोर बसून सगळं परत सलग बघितलं. दोष त्या माणसाचा नाहीच हो, त्याला करायला काय दिलं ते बघा ना. बर्क मुळात गावात कशासाठी आलेला, तर गाडीखाली माणूस मेला त्या दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी जेल भोगलेली आणि आता रॉजर कॉलिन्सचा सूड घ्यायचाय, पण रॉजरनं गाडी मीच चालवत होतो हे कबूल केलं आणि तो विषय जॉर्ज यायच्या आधीच मिटलेला. पात्राचा कणाच काढून घ्यायचा आणि मग नव्या माणसाला म्हणायचं, उभा रहा. त्यात एप्रिलपासून जोनाथन फ्रिडचा बार्नाबस आलेला, सगळ्यांचं लक्ष त्या व्हॅम्पायरकडं, लेखकांचं पण. बर्कला उरलं काय, तर कॉलिन्सांच्या घरी पोराला शिकवणाऱ्या व्हिक्टोरियाला लग्नाचं विचारायचं आणि भुताखेतावर विश्वास ठेवू नको म्हणून समजवायचं. बघणाऱ्याला माहितीये भूत खरंय, असं बोलणारा माणूस कुणाला आवडणार?

अजून एक म्हणजे जॉर्ज आलेला चेकमेट, द अनटचेबल्स असल्या फिल्मवर शूट होणाऱ्या मालिकांतून, तिथं शॉट चुकला की परत घेता येतो. इथं सोमवार ते शुक्रवार रोज अर्धा तास, टेपवर जवळपास लाईव्हच, डायलॉग अडखळला तरी चालू, वरून माईक दिसला तरी चालू. सुरवातीला तो आखडलेला वाटतो हे मी नाकारत नाही. पण पुढं बार्नाबसवर संशय घेऊन त्याची चौकशी करायलाय ते सीन बघा, दोघं गोड बोलायलेत आणि आतून नुसता ताण. रायननं तिथं आवाज चढवला असता असं मला वाटतं, जॉर्ज चढवत नाही आणि तेच मला लई आवडलं.

मग ब्राझीलमधे विमान पडून बर्क जातो, तो पण पडद्याबाहेरच. इतक्या लवकर गुंडाळायला नको होतं.

पण 1795 चा भाग बघाच. व्हिक्टोरिया मागच्या काळात जाते आणि जो गेला त्या बर्कचाच चेहरा, म्हणजे जॉर्जच, जेरेमाया कॉलिन्स म्हणून समोर. अँजेलिक नावाच्या चेटकिणीच्या जादूमुळं तो जोसेटशी, म्हणजे स्वतःच्या पुतण्याच्या होणाऱ्या बायकोशी लग्न करून बसतो, आणि तोच पुतण्या, म्हणजे व्हॅम्पायर व्हायच्या आधीचा बार्नाबस, द्वंद्वात त्याचा जीव घेतो. बर्कमधे जो सज्जनपणा फिका वाटायचा ना, तोच इथं जिव्हारी लागतो, कारण भला माणूस स्वतःच्या हातून होणारं पाप बघायलाय आणि त्याला थांबता येईना. त्याची जोसेटसमोर खाली गेलेली मान मी दोनदा मागं घेऊन बघितली.

मालिका 1225 एपिसोडची आहे, सगळी नका बघू पण जॉर्ज येतो तिथून द्वंद्वापर्यंत मधलं काही गाळू नका. रायनला माझे पाच स्टार, जॉर्जच्या बर्कला साडेतीन, जेरेमायाला पूर्ण पाच.