‘बॅक कॉम्प्रेशन’ची भीती घातली आणि डुप्लिकेट ऑइल गळ्यात मारलं

जुनी डिझेल गाडी घेऊन अनोळखी गॅरेजमध्ये गेलात आणि कुणी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून "बघा ऑइल किती काळं झालंय, इंजिन संपलं" म्हणालं, तर तिथंच सावध व्हा. डिझेलचं ऑइल काळं होणारच. डिझेल जळताना जी काजळी होते ती आत कुठं चिकटू न देता स्वतःत धरून ठेवणं हे त्या ऑइलचं कामच आहे. नवं ऑइल भरून शे-दोनशे किलोमीटर फिरलात तरी डिपस्टिकला काळपटपणा येतो. माझ्या खिशाला हात घालायला सुरुवात याच काळ्या रंगापासून झाली आणि पुढं जे झालं त्यात इंजिनच जायची वेळ आली होती. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझी इनोव्हा जुनी आहे, अडीच लिटरचं कॉमन रेल इंजिन. टुरिस्टमध्ये चालते, कोल्हापूरहून गणपतीपुळे, पंढरपूर, सिझनला गोवा. मीटरवर सव्वातीन लाख झालेत. वेळेवर ऑइल मिळालं तर हे इंजिन याच्या कितीतरी पुढं न खोलता जातं, आमच्या स्टँडवर अशा गाड्या आहेत. आमचे नेहमीचे मेस्त्री मुलीच्या लग्नात अडकलेले आणि लग्नसराईची बुकिंग तोंडावर, म्हणून गाडी हायवेलगतच्या एका चकाचक गॅरेजला लावली.

तिथल्या पोरानं आधी डिपस्टिकवरचं काळं ऑइल दाखवलं, मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढलं. आतून वाफ वर आली. लगेच मालकाला हाक. मालक आला, तोंड पाडून म्हणाला, "दादा, बॅक कॉम्प्रेशन मारतंय की वो. रिंगा बसल्यात. हाफ इंजिन करायला लागंल." हाफ इंजिन म्हणजे इंजिन खोलून रिंगा, बेअरिंग बदलायचं काम. अंदाज दिला १ लाख १० हजारांचा.

सव्वातीन लाख चाललेल्या डिझेल इंजिनात पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा गॅस खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो (यालाच बॅक कॉम्प्रेशन म्हणतात) आणि झाकण काढलं की वाफ दिसते, यात नवल काहीच नाही. झाकण नुसतं उलटं ठेवून बघावं. जागच्या जागी थरथरलं तर चिंता नको. जोरानं उडून पडलं किंवा ऑइलचे फवारे आले तर पुढची तपासणी करावी. आणि तीही कॉम्प्रेशन गेज लावून, चारही सिलिंडरांचे आकडे कागदावर लिहून. एकाच सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर गोष्ट वेगळी. मी गेज लावायला सांगितलं, तर म्हणाले, "गेज दुसऱ्या ब्रँचला गेलंय."

इंजिन खोलायला मी नकार दिला. तेव्हा मधला मार्ग निघाला. जुन्या इंजिनासाठी खास "इम्पोर्टेड फुल सिंथेटिक" ऑइल, त्याच्याआधी इंजिन आतून धुवायचं फ्लश, वरून ट्रीटमेंटची एक बाटली आणि नवा फिल्टर. एक लाखाच्या भीतीनंतर आठ-नऊ हजार कुणालाही कमीच वाटतात, आणि त्यांचा सगळा धंदा याच फरकावर चालतो. नामांकित कंपनीचे डबे काउंटरवर मांडून दाखवले. ऑइल मात्र आतल्या बाजूला मापात ओतून आणलं. बिलावर "ऑइल ९ लि." एवढंच. ग्रेड नाही, जीएसटी नंबर नाही. या इंजिनात फिल्टरसकट सात लिटरच्या आतबाहेर ऑइल बसतं, हे मला ठाऊक होतं. उरलेलं मागितलं तेव्हा कुरकुर करत एका डब्याच्या तळाशी लिटरभर दिलं.

पुढच्याच आठवड्यात गणपतीपुळ्याहून परत येताना, गाडी भरलेली, साखरप्याच्या बाजूनं आंबा घाट चढून वर आलो. चहाला थांबलो, इंजिन चालूच होतं आणि ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचं प्रेशर पडलंय हे सांगतो. तापलेलं ऑइल पातळ होतं, आयडलला पंप हळू फिरतो आणि ऑइलच दमदार नसेल तर बेअरिंगपर्यंत प्रेशर पोचत नाही. तो दिवा दिसला की इंजिन तत्काळ बंद करायचं. "घरापर्यंत नेऊ" म्हणून पळवलेल्या गाड्यांचे क्रँक मी उद्यमनगरात ग्राइंडिंगला आलेले पाहिलेत. पॅसेंजर दुसऱ्या गाडीनं पुढं पाठवले आणि माझी गाडी टो करून आणली.

आमच्या मेस्त्रींनी डिपस्टिकचा थेंब अंगठ्यानं बोटावर चोळला, वास घेतला आणि पहिल्यांदा फिल्टर बघितला. त्यावर मार्करनं किलोमीटरचा आकडा लिहिलेला होता. अक्षर त्यांचंच! प्रत्येक सर्व्हिसला ते फिल्टरवर आकडा टाकतात. म्हणजे बिलात नव्या फिल्टरचे पैसे लावले आणि जुनाच वरून पुसून ठेवला. आकडा पुसायचं तेवढं राहून गेलं.

ऑइल काढलं, चेंबर उतरवून एका बेअरिंगची पत्ती बघितली. ओरखडे होते, पण तांबं उघडं पडलं नव्हतं. थोडक्यात वाचलो. दुकानातून सीलबंद १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर आणला, प्रेशर स्विच काढून तिथं गेज लावलं. इंजिन पूर्ण तापवलं तरी आयडलला प्रेशर गरजेपेक्षा खाली गेलं नाही. कॉम्प्रेशनही बघून घेतलं, चारही सिलिंडर जवळपास सारखे. ज्या इंजिनाला एक लाख दहा हजार सांगितले होते ते धडधाकट होतं.

डब्यात उरलेलं, इंजिनात न गेलेलं ऑइल पुण्याच्या एका लॅबला पाठवलं. हे मुद्दाम सांगतो, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये डिझेल मिसळलं असेल तरी ते पातळ होतं आणि मग गॅरेजवाला हात झटकतो. १५डब्ल्यू-४० ऑइलची १०० अंश सेल्सिअसला घट्टपणाची मर्यादा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते. माझ्या डब्यातलं दहाच्याही खाली निघालं. आम्ल मारायची ताकद, ज्याला टीबीएन म्हणतात, ती चांगल्या नव्या डिझेल ऑइलमध्ये साधारण दहाच्या घरात असते. यात ती दोनसुद्धा नव्हती. लॅबवाल्यांनी सरळ सांगितलं, हे जळकं ऑइल गाळून, रंग देऊन पुन्हा भरलेलं आहे. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, ते नोंदणीकृत रिसायकलरलाच द्यावं लागतं. तेच माझ्या गाडीत नव्याच्या भावानं भरलं.

ऑइल निवडताना डब्यावरचे दोन आकडे बघा, "स्पेशल", "गोल्ड", "जुन्या गाडीसाठी" हे शब्द नाही. पहिला घट्टपणाचा, तो मॅन्युअलमध्ये दिलेलाच घ्यायचा. आपल्या हवेत या पिढीच्या इंजिनाला १५डब्ल्यू-४० बरोबर बसतं. दुसरा एपीआयचा, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा दर्जा. डिझेलसाठी सी नं सुरू होणारा, सीएच-४, सीआय-४, सीके-४ असा. सीआय-४ आधीच्या सीएफ-४ आणि सीएच-४ च्या जागी चालतं, म्हणून जुन्या गाडीला तेच भरतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर मात्र कमी राखेचं ऑइलच लागतं. काजळी डीपीएफमध्ये जळून जाते, ऑइलची राख जळत नाही, ती साचत जाते आणि फिल्टर चोंदतो. तिथं माझं ऑइल भरू नका.

गाडी जुनी झाली म्हणून २०डब्ल्यू-५० भरा, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. दाट ऑइलनं आवाज दबतो, धूर कमी दिसतो, पण झिजलेली पत्ती भरून येत नाही आणि सकाळच्या स्टार्टला टर्बोपर्यंत ऑइल उशिरा पोचतं. सेकंडहँड गाडी विकणारे हेच करतात, घेताना लक्षात ठेवा. इंजिन खरंच ऑइल खातंय का हे बघायला सपाट जागी, सकाळी स्टार्ट मारण्याआधी डिपस्टिक बघून दर हजार किलोमीटरला किती टॉप-अप लागतं ते वहीत लिहा. बऱ्याच कंपन्या हजारला एक लिटरपर्यंत चालवून घेतात. माझ्या गाडीला पाव लिटरही लागत नाही. आणि पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, इंजेक्टरमधून डिझेल ऑइलमध्ये उतरत असू शकतं.

गॅरेजवाल्याकडे रिपोर्ट, फिल्टरचा फोटो आणि यूपीआयची पावती घेऊन गेलो. आधी म्हणाला, "तुमची गाडीच जुनी हाय." मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि ऑइलच्या कंपनीलाही ईमेल केला. ऑइल आणि फिल्टरचे पैसे परत मिळाले. टोचे, चेंबर उघडण्याचे आणि बुडालेल्या भाड्याचे अजून मिळायचेत, त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

आता ऑइल मी स्वतः दुकानातून पक्क्या बिलावर आणतो, झाकणाची रिंग माझ्यासमोर तुटली पाहिजे आणि क्यूआर कोड असेल तर तिथंच स्कॅन करतो. ऑइल भरून झालं की रिकाम्या डब्याला स्क्रू-ड्रायव्हरनं तळाशी भोक पाडायचं आणि झाकण वेगळं घरी न्यायचं. धडके डबे भंगारात चांगल्या भावानं उचलले जातात आणि तेच पुन्हा भरून काउंटरवर येतात.