टिचबटणवाला वाकडा सोप्रानो, आठ महिन्यांनंतर

हा सोप्रानो सॅक्सोफोन नोव्हेंबरात घेतलेला, आता जुलै चालू आहे. खरंतर वर्षभर वाजवून मगच लिहिणार होतो, पण मे महिन्यात विश्रामबागला एका रिसेप्शनमध्ये ऐन गाण्यात जी शार्पचं पॅड, म्हणजे सुराचं भोक झाकणारी चामड्याची गादी, सुटून खाली पडलं, आणि त्याचं कारण शोधताना जे कळलं ते आधी सांगणं भाग आहे, नाहीतर असा जुना पीस घेणारा दुसरा कुणीतरी त्याच खड्ड्यात जायचा.

पीस ब्यूशर कंपनीचा ट्रू टोन, १९२० च्या दशकातला, अमेरिकेत एल्कहार्टला बनलेला. मुंबईतनं एका जुन्या वादकाच्या घरच्यांकडनं ६८ हजाराला मिळाला, नवीन चांगला जपानी याच्या कितीतरी पट पडतो. 'लो पिच', म्हणजे आजच्या सुराला जुळणारा, हा शिक्का बघूनच पैसे दिले. तुम्हीपण तो बघाच, त्या काळात हाय पिचचेही निघायचे, त्यांचा ए हा सूर ४५७ हर्ट्झच्या आसपास असतो आणि आजच्या ४४० ला माउथपीस (तोंडात धरायचा भाग) कितीही बाहेर ओढा, सगळे सूर काही जुळत नाहीत.

आता पॅडचं. ब्यूशरच्या या काळातल्या बऱ्याच पीसमध्ये पॅड चपडीने चिकटवलेलं नसतं. पॅड ज्या वाटीत बसतं त्या कपाच्या मधोमध पितळेचा छोटा खुंट असतो, पॅडला मधे भोक, आणि वरनं धातूची टिकली टक्कन बसते, अगदी ब्लाऊजच्या टिचबटणासारखी. टिकली काढा, पॅड बदला, परत दाबा, दोन मिनिटांचं काम. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी एवढा विचार केला की वाजवणाऱ्याला घरच्याघरी पॅड बदलता यावं! मला हे डिसेंबरात माहीत नव्हतं. पुण्यात एकाकडे ओव्हरहॉलला दिला, ९ हजार घेतले, आणि त्याने नेहमीचं पॅड सपाट बसावं म्हणून तीन कपांतले खुंट घासून टाकले आणि ग्लूगनने पॅड चिकटवली. उरलेले खुंट त्याच्याकडचे पॅड संपले म्हणून वाचले. मे महिन्यात गाडीत तापून तो गोंद मऊ झाला, बास. फोन केला तर म्हणतो जुन्या पीसला असंच करतात. पैसे परत नाहीत, साधी चूकपण कबूल नाही. मला अजून झोपताना ते घासलेले कप आठवतात.

शेवटी मिरजेत बँडची वाद्यं दुरुस्त करणारे एक चाचा सापडले. पीस हातात घेतल्या घेतल्या पहिला प्रश्न, "अजून किती बटणं शिल्लक आहेत?" त्यांनी लेथवर पितळेचा खुंट करून घेतला, कपात डाग देऊन बसवला, टिकली पुण्याहून परत आलेल्या डबीत नशिबाने होती. ४०० रुपये. जी शार्प आता पक्का.

सुरांबद्दल मात्र माझं मत बदललंय. पहिले तीन महिने मी सगळ्यांना सांगत होतो की जुने सोप्रानो बेसूरच, वरचं सप्तक चढतंच. ते चूक होतं. मी आजकालचा अरुंद पोकळीचा माउथपीस लावत होतो. हे पीस बनले तेव्हाचे माउथपीस आतनं मोठे आणि गोल असायचे, सोप्रानोची शंकूसारखी नळी टोकाला जेवढी अपुरी राहते तेवढी ही पोकळी भरून काढते, पोकळी लहान झाली की वरचे सूर जास्त चढतात. मोठ्या पोकळीचा जुना माउथपीस ५ हजाराला घेतला आणि हार्मोनियमच्या काळी पाचशी, म्हणजे या सोप्रानोवर लिहिलेल्या सी ला, दोन्ही सप्तकं लागली. ज्यांना ज्यांना बेसूर म्हणून सांगितलं त्या सगळ्यांनी हे वाचावं.

आणि वाकडाच का, सरळ का नाही, हे लोक विचारतात. नळी जवळजवळ तीच. फरक कानाला. सरळ सोप्रानोचं तोंड जमिनीकडे, आवाज समोर निघून जातो. याचं तोंड वर वळलेलं, हरकत घेतली की ती आधी माझ्या कानात येते आणि मग हॉलमध्ये जाते, त्यामुळे मींड कुठे कमी पडली ते तिथल्यातिथे कळतं. नॉर्वेचा सॅक्सोफोनवादक यान गारबारेक वाकडाच वाजवतो, त्याचा लांब सूर ऐका मग मी काय म्हणतोय ते कळेल. आल्टोवर, म्हणजे सोप्रानोपेक्षा मोठ्या सॅक्सोफोनवर, पंधरा वर्षं काढली, पण यमनमधला तीव्र मध्यम मला स्वतःला इतका स्वच्छ पहिल्यांदा याच्यावर ऐकू आला. त्या एका सुरासाठी ६८ हजार गेले असते तरी चाललं असतं.

पावसाळ्यात जी शार्प चिकटतोच, ते पॅड एरवी बंद असतं, आत ओल धरतं आणि स्प्रिंग कमजोर. वाजवून झालं की टिपकागदाची पट्टी घालून दाबा आणि हळूच ओढा, रोज. पेटीत घालायच्या आधी आतनं कापड फिरवा.

अजून दोन कप गोंदावरच आहेत. चाचा म्हणालेत गणपतीत बँडची गर्दी असते, त्यानंतर घेऊन ये. तोवर गाडीत ठेवत नाही, मांडीवर घेऊन बसतो.