भुताचा हात: जिलेटिनचा की चायना ग्रासचा?

बेळगावच्या टिळकवाडीत भाचीची भुताखेतांची वेशभूषा पार्टी होती. नव्या, पावडर नसलेल्या हातमोज्यात जेली ओतून तुटका हात करायचा ठरला. दोन्ही करून बघितले.

थरथर हवी तर जिलेटिनच. अर्ध्या लिटरला १५ ग्रॅम घेतलं. आधी गार पाण्यात फुगवायचं, मग कोमट करून विरघळवायचं, उकळायचं नाही. ताट हलवलं की बोटं अशी लटपटतात की पोरं किंचाळलीच पाहिजेत! पण ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. आमच्याकडे निम्मे पाहुणे जैन नि लिंगायत, म्हणजे प्रश्नच मिटला. शिवाय ३५ अंशांच्या आसपास ते वितळतं. बेळगावच्या थंडीत चालेल, एप्रिलात भुताचं सरबत होईल.

चायना ग्रास समुद्री शेवाळाचा. अर्ध्या लिटरला ५ ग्रॅम पावडर, दोन मिनिटं खळखळून उकळायची. फ्रिजबाहेरही घट्ट राहतो. रक्तासाठी कोकमाचं आगळ मात्र गॅस बंद केल्यावरच घाला, आंबटात उकळला तर नीट धरत नाही. हा हात कडक, थरथरत नाही, आणि मोजा ओढून काढताना त्याची करंगळी तुटली. कात्रीनं मोजा कापायला हवा होता. तुटक्या जागी आगळ ओतलं, तोच हात आधी संपला.